जोडेनसावाना : सुरीनाम वसाहतीतील ज्यू समाजजीवनाची उभारणी आणि तिच्या मर्यादा

प्रस्तावना

एखादा धार्मिक समाज मूळ भूमीपासून हजारो मैलांवर जाऊन वसतो, तेव्हा त्याच्यापुढे उपजीविकेइतकाच महत्त्वाचा आणखी एक प्रश्न असतो. धर्माचरणासाठी आवश्यक असलेल्या संस्था नव्या भूमीत कशा उभ्या करायच्या, हा तो प्रश्न होय. ज्यू धर्माच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच निकडीचा ठरतो. ज्यू परंपरेत व्यक्तिगत उपासनेला स्थान असले तरी धर्मजीवनाचा मोठा भाग सामूहिक आहे. पूर्ण सार्वजनिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती, म्हणजे ‘मिन्यान’, आवश्यक असते. मृतासाठी स्वतंत्र दफनभूमी, आहारासाठी विधिपूर्वक पशुवध करणारा शोहेत, मुलांच्या सुंतेसाठी जाणकार व्यक्ती, विवाह व वारसा यांचे निर्णय करणारी पंचसभा आणि शनिवारचा शब्बाथ पाळण्याची मुभा, यांपैकी एक जरी नसेल तरी धर्मजीवन अपुरे राहते. त्यामुळे चार-दोन कुटुंबे कोठे तरी जाऊन राहिली एवढ्याने ज्यू समाज निर्माण होत नाही.

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सुरीनाम या वसाहतीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज वंशाच्या ज्यू कुटुंबांनी असे समाजजीवन उभे केले. सुरीनाम नदीच्या काठी, पारामारिबो शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेस, अरण्यात वसलेले त्यांचे गाव ‘जोडेनसावाना’, म्हणजे ‘ज्यूंचे गवताळ माळरान’, या नावाने ओळखले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने या गावाचे अवशेष व जवळच्या कासिपोरा ओढ्याकाठची दफनभूमी यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. युरोपात ज्यूंना क्वचितच लाभलेली स्वायत्तता या गावाने अनुभवली. परंतु ही स्वायत्तता ज्या अर्थव्यवस्थेवर उभी होती, ती आफ्रिकी गुलामांच्या श्रमावर चालत होती. प्रस्तुत लेखात या समाजाची घडण, त्याच्या संस्था आणि त्याच्या स्वातंत्र्यामागील अंतर्विरोध यांचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या कुटुंबांच्या स्थलांतराचे मूळ आयबेरियन द्वीपकल्पात आहे. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हद्दपार केले. पोर्तुगालने १४९७ मध्ये आपल्या ज्यू प्रजेचे सक्तीने ख्रिस्तीकरण केले आणि १५३६ मध्ये तेथे धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, स्थापना झाली. बाटवल्या गेलेल्या या ‘नवख्रिस्ती’ कुटुंबांपैकी अनेक जण गुप्तपणे जुन्या धर्माच्या खुणा जपत होते. महाराष्ट्र व गोव्यातील वाचकांना या इतिहासाची एक शाखा परिचित आहे. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा रोख आरंभी प्रामुख्याने अशाच नवख्रिस्तींवर होता. वनौषधींवरील ग्रंथासाठी प्रसिद्ध असलेले वैद्य गार्सिया द ओर्ता यांचे अवशेष त्यांच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, थडग्यातून उकरून जाळण्यात आले, ते याच संशयापायी.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अशी अनेक कुटुंबे ॲम्स्टरडॅम येथे जाऊन उघडपणे ज्यू धर्मात परतली. पिढ्यान्‌पिढ्या तुटलेला धर्माचार त्यांना नव्याने शिकावा लागला. म्हणूनच शिस्त, नियमावली आणि प्रतिष्ठा यांबद्दल ॲम्स्टरडॅमचा पोर्तुगीज ज्यू समाज विशेष दक्ष होता, आणि पुढे हीच दक्षता त्याच्या वसाहतींतील शाखांमध्येही उतरली. डचांनी १६३० मध्ये ब्राझीलमधील रेसिफे जिंकल्यावर तेथे ज्यूंचा मोठा समुदाय उदयास आला व अमेरिका खंडातील पहिले सिनेगॉग उभे राहिले. साखरेचे उत्पादन आणि व्यापार यांचे ज्ञान या समुदायाला तेथेच झाले. मात्र १६५४ मध्ये पोर्तुगीजांनी रेसिफे परत घेतले आणि या कुटुंबांना पुन्हा परागंदा व्हावे लागले. काही ॲम्स्टरडॅमला परतली, काही कॅरिबियन बेटांवर गेली, तर एक छोटा गट आजच्या न्यूयॉर्कच्या जागी असलेल्या डच वसाहतीत पोहोचला.

ब्राझीलचा अनुभव घेतलेल्यांपैकी डेव्हिड कोहेन नासी यांनी १६५९ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीकडून कायेन येथे ज्यू वसाहत स्थापण्याची सनद मिळवली. पुढे १६६४ मध्ये कायेन फ्रेंचांच्या हाती गेल्याने तेथील ज्यू शेजारच्या सुरीनाममध्ये आले. सुरीनाम त्या वेळी इंग्रजांची वसाहत होती. बार्बाडोसचे लॉर्ड विलोबी यांनी १६५० च्या सुमारास तिची स्थापना केली होती. जमीन विपुल होती, परंतु वस्ती करणारे, भांडवल लावणारे आणि साखरेचे तंत्र जाणणारे लोक अपुरे होते. या उणिवेतूनच ज्यूंच्या वाटाघाटीचे सामर्थ्य निर्माण झाले.

१६६५ ची सनद

इंग्रज शासनाने १७ ऑगस्ट १६६५ रोजी सुरीनाममधील ज्यूंना दिलेली सनद ही या समाजाच्या इतिहासातील पायाभूत घटना होय. या सनदेने त्यांना जन्मतः इंग्रज असलेल्या रहिवाशांच्या बरोबरीचे हक्क दिले. धर्माचरणाचे पूर्ण स्वातंत्र्य, शब्बाथ व सणांच्या दिवशी सार्वजनिक कामांतून आणि न्यायालयीन हजेरीतून सूट, आपल्या रीतीप्रमाणे शपथ घेण्याचा अधिकार आणि विवाह व मृत्युपत्रे स्वतःच्या परंपरेनुसार करण्याची मुभा त्यांना मिळाली. तत्कालीन राजधानी थोरारिका येथे सिनेगॉग व शाळा बांधण्यासाठी आणि दफनभूमीसाठी १० एकर जमीनही देण्यात आली. दहा हजार पौंड साखरेपर्यंतच्या मूल्याचे अंतर्गत दावे समाजाच्या वडीलधाऱ्यांनी निकालात काढावेत, अशी तरतूद होती. दाव्याचे मोजमाप साखरेत होते, यावरून वसाहतीच्या अर्थव्यवहाराचे स्वरूप स्पष्ट होते.

या सवलतींचा अर्थ समजून घेण्यासाठी समकालीन युरोपशी तुलना आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये ज्यूंचे वास्तव्य नुकतेच, तेही औपचारिक कायद्याविना, सहन केले जाऊ लागले होते. सहिष्णु मानल्या जाणाऱ्या ॲम्स्टरडॅममध्येही त्यांना बहुतेक कारागीर संघांत प्रवेश नव्हता. जे हक्क महानगरात मिळत नव्हते ते दुर्गम वसाहतीत मिळाले, याचे कारण राज्यकर्त्यांचे औदार्य हे नव्हते. वसाहतीला त्यांची गरज होती, हेच खरे कारण होते.

ही गरज पुढेही दिसून आली. झीलंडच्या अब्राहम क्रेनसेन यांनी १६६७ मध्ये सुरीनाम जिंकून घेतले आणि त्याच वर्षीच्या ब्रेडा तहाने ते डचांकडे राहिले. नव्या सत्तेने ज्यूंच्या सवलती मान्य केल्या. पुढे इंग्रजांनी आपल्या प्रजेला वसाहत सोडून जाण्याची व्यवस्था केली, तेव्हा ज्यूंना इंग्रज प्रजा म्हणून नेऊ देण्यास डच अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. ही कुटुंबे गेली तर वसाहतीचे नुकसान होईल, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांना एका देशाने हाकलले होते, त्यांना ठेवून घेण्यासाठी दोन सत्तांत वाद व्हावा, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

दफनभूमी, सिनेगॉग आणि गावाची रचना

नव्या भूमीत ज्यू समाज प्रथम काय उभारतो, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘दफनभूमी’ असे मिळते. प्रार्थना एखाद्याच्या घरातही होऊ शकते, परंतु मृत्यू वाट पाहत नाही. शिवाय ज्यू धर्मविधीनुसार थडगे कायमचे असते, ते पुन्हा वापरता येत नाही. सुरीनाममध्ये कासिपोरा ओढ्याकाठची दफनभूमी सर्वांत जुनी असून तेथील सर्वांत जुना ज्ञात शिलालेख १६६६ चा आहे. तेथे दोनशेहून अधिक आणि जोडेनसावाना येथे साडेचारशेहून अधिक थडगी नोंदवली गेली आहेत. सुरीनामच्या सखल भागात असा दगड मिळत नसल्याने कोरीव संगमरवरी व निळसर दगडी शिळा जहाजांतून युरोपातून आणल्या जात. त्यांवरील मजकूर प्रामुख्याने हिब्रू व पोर्तुगीज भाषांत आहे. अनेक शिळांवर दोन्ही भाषा एकत्र येतात. हिब्रूतून धर्मपरंपरा व्यक्त होते, तर पोर्तुगीजमधून त्या कुटुंबाचा लौकिक इतिहास समजतो. ज्या देशाने त्यांना छळले त्याच देशाची भाषा या समाजाने शतकाहून अधिक काळ आपली म्हणून जपली.

हळूहळू वस्ती नदीच्या काठावरील एका उंचवट्याकडे सरकली. सॅम्युएल नासी यांनी १६८० च्या दशकात या ठिकाणची जमीन समाजाला दिली आणि १६९१ मध्ये वसाहतीच्या शासनाकडून आणखी १०० एकर जमीन मिळाली. येथे १६८५ मध्ये ‘बेराखा वे शालोम’, म्हणजे ‘आशीर्वाद आणि शांती’, या नावाचे विटांचे सिनेगॉग पूर्ण झाले. वास्तुशास्त्रीय महत्त्व असलेले हे अमेरिका खंडातील पहिले सिनेगॉग मानले जाते. स्त्रियांसाठी स्वतंत्र सज्जा आणि समाजाच्या कारभाराची व दप्तराची व्यवस्था याच इमारतीत होती.

गावाची आखणी विचारपूर्वक केलेली होती. मध्यभागी मोकळा चौक, चौकात सिनेगॉग आणि चारही दिशांना जाणारे रस्ते, अशी ती रचना होती. युरोपातील सिनेगॉग बहुधा गल्लीच्या आत, उंच भिंतींआड, रस्त्यावरून सहजी दिसणार नाही असे बांधावे लागे. येथे मात्र ते नदीतून येणाऱ्या होड्यांना दुरूनच दिसत असे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी आपला धर्म लपवला, त्यांच्या वंशजांनी तो उंचवट्यावर बांधून दाखवला, असे या रचनेचे वर्णन करता येईल.

गावातील बहुतेक घरे कायम वस्तीची नव्हती. कुटुंबे एरवी नदीकाठच्या आपापल्या मळ्यांवर राहत आणि शब्बाथला, विशेषतः मोठ्या सणांना, होडीने जोडेनसावानाला येत. म्हणजेच हे गाव आठवड्याच्या व वर्षाच्या धार्मिक पंचांगावर चालणारे होते. सुक्कोथसारख्या सणाला ते गजबजून जाई व एरवी निवांत असे. विखुरलेल्या मळ्यांवर दहा पुरुष एकत्र येणे कठीण असल्याने मिन्यानची अडचण अशा एका केंद्रामुळेच सुटली.

कारभार आणि दूरवरचे मार्गदर्शन

समाजाचा कारभार ‘महामाद’ या कार्यकारी मंडळाकडे होता. त्यातील सदस्यांना ‘पार्नास’ म्हणत. महामाद कर व दंड वसूल करी, गरिबांना मदत देई, शिक्षक व हज्जान यांची नेमणूक करी, अंतर्गत तंटे सोडवी आणि शिस्तभंग करणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा देई. त्याचे नियम ‘अस्कामोत’ या नावाने लिहिले जात. डच वसाहतीच्या चौकटीत हे मंडळ एखाद्या लहान नगरपालिकेप्रमाणे आणि न्यायालयाप्रमाणे काम करी.

विद्वान रब्बी मात्र सुरीनाममध्ये क्वचितच असत. दैनंदिन धर्मकार्य हज्जान चालवीत. गुंतागुंतीचे धर्मप्रश्न ॲम्स्टरडॅमकडे पाठवले जात आणि उत्तर येण्यास कित्येक महिने लागत. प्रार्थनेची पद्धत, नियमावलीचा नमुना आणि धार्मिक ग्रंथ हे सर्व तेथूनच येई. वसाहतीतील शासनाशी वाद झाल्यास ॲम्स्टरडॅमचे प्रतिष्ठित ज्यू तेथील सत्ताधाऱ्यांकडे रदबदली करीत. दुर्गमतेमुळे निर्माण झालेली उणीव पत्रव्यवहाराने भरून काढण्याची ही रीत होती.

स्वायत्ततेला मर्यादाही होत्या. ज्यू धर्मशास्त्रानुसार मामा-भाची किंवा काका-पुतणी यांचा विवाह निषिद्ध नाही, परंतु डच विवाहकायद्याने तो निषिद्ध होता. अठराव्या शतकाच्या आरंभी या मुद्द्यावर वाद झाला आणि विवाहासंबंधी डच कायद्याशी जुळवून घेणे समाजाला भाग पडले. मध्य युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंचा समुदायही वाढत गेला. १७३० च्या दशकात तो पोर्तुगीज ज्यूंपासून औपचारिकपणे वेगळा झाला आणि पारामारिबो येथे दोन स्वतंत्र सिनेगॉग अस्तित्वात आली. नदीकाठचे जोडेनसावाना मात्र पोर्तुगीजांचेच राहिले.

शब्बाथचा प्रश्न आणि गुलामगिरी

या समाजाच्या आर्थिक आधाराचा विचार केल्याशिवाय त्याचे चित्र पूर्ण होत नाही. इतिहासलेखनात वारंवार दिल्या जाणाऱ्या आकडेवारीनुसार १७३० च्या सुमारास वसाहतीतील चारशेच्या आसपास मळ्यांपैकी ११५ मळे ज्यूंच्या मालकीचे होते. अठराव्या शतकात वसाहतीच्या श्वेत लोकसंख्येत ज्यूंचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते. इतके मोठे प्रमाण त्या काळी अमेरिकेतील अन्य वसाहतींत क्वचितच आढळते. हे मळे ऊस व पुढे कॉफी पिकवीत आणि ते चालत होते ते आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. ज्या भूमीवर हे मळे वसले ती कालिन्या व लोकोनो या मूलनिवासी समाजांची होती, हेही नोंदवले पाहिजे.

धर्मस्वातंत्र्य आणि गुलामगिरी यांचा संबंध शब्बाथच्या प्रश्नात अगदी स्पष्ट होतो. ज्यू मळेवाल्यांकडे शनिवारी काम बंद राही. वसाहतीच्या ख्रिस्ती कायद्यानुसार रविवारीही काम बंद ठेवावे लागले, तर आठवड्याचे दोन दिवस जात. म्हणून ज्यूंनी आपल्या गुलामांकडून रविवारी काम करून घेण्याची परवानगी मिळवली. सतराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नरने या सवलतीवर गदा आणली तेव्हा समाजाने ॲम्स्टरडॅममार्फत दाद मागितली आणि ती परत मिळवली. कागदोपत्री हा धर्मस्वातंत्र्याचा विजय होता. प्रत्यक्षात त्या विजयाचा आशय दुसऱ्या माणसाच्या श्रमावरील हक्क हा होता.

येथे एक शास्त्रीय मुद्दा विचारात घ्यावा लागतो. तोराच्या ‘निर्गम’ या ग्रंथातील दहा आज्ञांमध्ये शब्बाथची जी आज्ञा आहे, ती घरधन्यापुरती नाही. दास, दासी आणि गुरेढोरे यांनाही त्या दिवशी विश्रांती मिळावी, असे ती सांगते. ‘अनुवाद’ या ग्रंथात त्याचे कारणही दिले आहे. इस्राएल स्वतः मिसर देशात दास होता याचे स्मरण ठेवावे, असे ते कारण होय. पासओव्हरच्या रात्री दरवर्षी या दास्याची कथा मोठ्याने सांगितली जाते. मुक्तीची ही कथा जोडेनसावानाच्या घरांतही सांगितली जात असे आणि ती सांगणाऱ्यांच्या घरांत गुलाम होते. हा अंतर्विरोध केवळ ज्यूंचा नव्हता. त्याच वसाहतीतील ख्रिस्ती मळेवाल्यांच्या धर्मग्रंथातही ही आज्ञा होती. तरीही ज्या समाजाने स्वतःच्या छळाची स्मृती इतक्या निष्ठेने जपली, त्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे येतो.

गुलामांनी ही स्थिती मुकाट्याने स्वीकारली नाही. अनेक जण मळ्यांवरून पळून अरण्यात गेले आणि त्यांनी स्वतंत्र समाज वसवले. हे लोक ‘मरून’ म्हणून ओळखले जातात. सारामाका मरूनांपैकी मात्जाऊ कुळाच्या मौखिक परंपरेत १६९० मध्ये माचादो नावाच्या ज्यू मालकाच्या मळ्यावरून झालेल्या पलायनाची स्मृती जपलेली आहे, आणि मानवशास्त्रज्ञ रिचर्ड प्राइस यांनी ती लेखी पुराव्यांशी ताडून पाहिली आहे. मरूनांविरुद्धच्या मोहिमांत ज्यू नागरी तुकड्या सहभागी होत. अशा मोहिमांच्या यशासाठी सिनेगॉगमध्ये हिब्रू प्रार्थनाही रचल्या गेल्या. वसाहत शासनाला अखेर न्द्युका मरूनांशी १७६० मध्ये व सारामाकांशी १७६२ मध्ये तह करावे लागले. सारामाका भाषेत पोर्तुगीज मूळ असलेल्या शब्दांचे लक्षणीय प्रमाण आहे. बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध पोर्तुगीज ज्यूंच्या मळ्यांशी जोडतात. त्या मळ्यांवरील बोलीला ‘जू-टोंगो’, म्हणजे ‘ज्यूंची भाषा’, असेच म्हणत. मालकांची भाषा अशा रीतीने त्यांच्यापासून पळून गेलेल्यांच्या वंशजांच्या मुखी टिकून राहिली.

समाजाचा सभासद कोण?

गुलामगिरीचा परिणाम मळ्यांपुरता मर्यादित राहिला नाही, तो सिनेगॉगच्या आतही पोहोचला. ज्यू पुरुष आणि आफ्रिकी स्त्रिया यांच्या संबंधांतून जन्मलेल्या मुलांपैकी काहींना विधिपूर्वक ज्यू धर्मात घेतले जाई व मुक्त केले जाई. ज्यू धर्मशास्त्रानुसार धर्म मातेकडून येतो, परंतु विधिपूर्वक धर्मप्रवेश केलेली व्यक्ती पूर्ण ज्यू असते. सुरीनाममध्ये मात्र सभासदत्वाचे दोन दर्जे निर्माण झाले. ‘जाहीद’ म्हणजे पूर्ण सभासद आणि ‘काँग्रेगान्ते’ म्हणजे केवळ उपस्थित राहण्याचा हक्क असलेला. मिश्रवंशीय ज्यूंना दुसऱ्या दर्जात ठेवण्यात आले. अठराव्या शतकाच्या मध्यातील नियमांनुसार त्यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या आणि सिनेगॉगमधील मानाची कार्ये त्यांना मिळत नसत. मिश्रवंशीय स्त्रीशी विवाह करणाऱ्या जाहीदाचाही दर्जा घसरे. म्हणजेच धर्मशास्त्राने जो भेद सांगितला नाही, तो वसाहतीच्या वर्णव्यवस्थेने धर्मसंस्थेत आणला.

या मिश्रवंशीय ज्यूंनी १७५९ मध्ये पारामारिबो येथे ‘दार्हे जेसारिम’, म्हणजे ‘नीतिमानांचा मार्ग’, ही संस्था स्थापन केली. प्रार्थना, अध्ययन आणि परस्परांच्या अंत्यविधीची व्यवस्था हे तिचे कार्य होते. तिच्या एका प्रमुखाचा १७९० मध्ये मृत्यू झाला, तेव्हा त्याला योग्य सन्मानाने दफन करण्याच्या हक्कावरून मोठा वाद निर्माण झाला. दलदलीच्या जागी उथळ खड्ड्यात दफन होणे हा सभासदांना असह्य अपमान वाटला. प्रकरण गव्हर्नरपर्यंत गेले. महामादने आपल्या स्वायत्ततेचा आधार घेतला आणि संस्थेचे स्वतंत्र अस्तित्व अखेर संपुष्टात आले. ज्या समाजाने दफनभूमीपासून आपल्या जीवनाची सुरुवात केली, त्याच समाजात सन्मानाच्या थडग्यासाठी काहींना झगडावे लागले. दर्जाचा हा भेद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औपचारिकपणे नाहीसा झाला.

असा प्रश्न केवळ सुरीनाममध्येच उद्भवला नाही. डचांनी १६६३ मध्ये कोचीन घेतल्यावर तेथील परदेशी ज्यूंचा ॲम्स्टरडॅमच्या याच पोर्तुगीज समाजाशी संबंध आला आणि जोडेनसावानाचे सिनेगॉग पूर्ण झाल्याच्या पुढील वर्षी, १६८६ मध्ये, ॲम्स्टरडॅमचे एक शिष्टमंडळ कोचीनला येऊन गेले. कोचीनच्या परदेशी सिनेगॉगमध्येही मुक्त केलेल्या दासांच्या वंशजांना, म्हणजे ‘मेशुहरारिम’ गटाला, समान स्थान नाकारले गेले होते. विसाव्या शतकात त्याच गटातील वकील अब्राहम बराक सालेम यांनी सत्याग्रहाच्या मार्गाने या भेदाविरुद्ध लढा दिला. कोकणातील बेने इस्रायल समाजातही ‘गोरे’ व ‘काळे’ इस्रायल असा भेद एके काळी पाळला जात असे. या तिन्ही उदाहरणांत धर्मग्रंथ एकच होता. भेदाचे स्वरूप मात्र सभोवतालच्या समाजरचनेने, एकीकडे मळ्यांच्या वर्णभेदाने व दुसरीकडे भारतीय जातिव्यवस्थेने, घडवले.

ऱ्हास आणि स्मृती

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोडेनसावानाचा ऱ्हास सुरू झाला. जुन्या मळ्यांची जमीन निकस झाली होती, मरूनांच्या हल्ल्यांची भीती होती आणि १७७३ च्या सुमारास ॲम्स्टरडॅमच्या पतबाजारात आलेल्या संकटामुळे कर्जबाजारी मळे सावकारांकडे गेले. कुटुंबे पारामारिबोत स्थलांतरित झाली. १७८५ मध्ये सिनेगॉगची शताब्दी थाटाने साजरी झाली, परंतु तोपर्यंत गाव बरेचसे रिकामे झाले होते. तीन वर्षांनी, १७८८ मध्ये, डेव्हिड नासी (संस्थापकांचे नामधारी वंशज) आणि समाजाचे अन्य प्रमुख यांनी सुरीनामच्या इतिहासावरील फ्रेंच निबंध प्रसिद्ध केला. ज्यूंना नागरी हक्क द्यावेत असे प्रतिपादन करणारे प्रशियन विचारवंत दोम यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्यास निमित्त ठरला. या समाजाच्या इतिहासाचे ते अनमोल साधन आहे. परंतु आपली बाजू मांडण्यासाठी लिहिलेला तो ग्रंथ असल्याने त्यातील विधाने व आकडे अन्य कागदपत्रांशी ताडूनच स्वीकारावे लागतात.

१८२५ मध्ये सुरीनाममधील ज्यूंना अन्य नागरिकांच्या बरोबरीचे हक्क मिळाले आणि त्याचबरोबर त्यांचे विशेषाधिकार व स्वतंत्र न्यायाधिकार संपले. समानता आली आणि स्वायत्तता गेली. १८३२ च्या आगीत गावाचा बहुतांश भाग जळाला व सिनेगॉगही पुढे ओस पडले. गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी रद्द झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ नंतर, डच ईस्ट इंडीजमधून आणलेल्या नाझीसमर्थक असल्याचा संशय असलेल्या कैद्यांची छावणी याच परिसरात होती. विटांच्या भिंतींचे अवशेष आणि थडगी तेवढी उरली. पारामारिबोतील ‘नेवे शालोम’ सिनेगॉग मात्र कार्यरत राहिले असून त्याच्या जमिनीवर वाळू पसरलेली असते. काहींच्या मते ही वाळू इस्राएलच्या वाळवंटातील भ्रमणाचे प्रतीक आहे. आयबेरियात गुप्तपणे प्रार्थना करताना पावलांचा आवाज होऊ नये म्हणून वाळू टाकत, त्याची ही स्मृती आहे, असेही सांगितले जाते.

जोडेनसावाना येथे आफ्रिकी व मिश्रवंशीयांची वेगळी दफनभूमीही आहे. तेथे संगमरवर नाही. कोरीव लाकडी स्मृतिचिन्हे तेथे आढळतात आणि त्यांपैकी काहींवर हृदयाच्या आकाराची पश्चिम आफ्रिकी चिन्हे आहेत. युरोपातून आणलेल्या शिळा तीन शतके टिकल्या, तर लाकूड मात्र पावसाने झिजत गेले. ऐतिहासिक साधनांची उपलब्धता सत्तेवर कशी अवलंबून असते, याचे हे मूर्त उदाहरण होय.

समारोप

जोडेनसावानाच्या अभ्यासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की दुर्गम वसाहतीत धार्मिक समाजजीवन केवळ श्रद्धेवर उभे राहत नाही. त्याला जमीन, कायदेशीर सनद, कारभाराची शिस्त आणि मूळ केंद्राशी अखंड संपर्क यांची आवश्यकता असते. दुसरा निष्कर्ष असा, की अल्पसंख्याकांना मिळणाऱ्या सवलतींमागे राज्यसत्तेची गरज दडलेली असते आणि ती गरज संपली की सवलतींचा आधारही कमकुवत होतो. तिसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. छळाचा अनुभव एखाद्या समाजाला आपोआप न्यायी बनवत नाही. स्वतःसाठी मिळवलेले स्वातंत्र्य दुसऱ्याच्या पारतंत्र्याशी सहज नांदू शकते आणि धर्मसंस्थाही सभोवतालच्या विषमतेला आपल्या नियमांत स्थान देऊ शकते.

म्हणून या स्थळाकडे केवळ ज्यू धर्मस्वातंत्र्याचे स्मारक म्हणून किंवा केवळ गुलामगिरीची साक्ष म्हणून पाहणे एकांगी ठरेल. कासिपोराच्या शिळा आणि आफ्रिकी दफनभूमीतील लाकडी चिन्हे यांचे वाचन एकत्रितपणे झाले पाहिजे. इतिहास, धर्मशास्त्र, भाषाविज्ञान, मानवशास्त्र आणि पुरातत्त्व या ज्ञानशाखांनी परस्परांच्या साहाय्याने हा विषय हाताळला, तरच नदीकाठच्या त्या चौकात कोण प्रार्थनेला बसत होते आणि कोणाला बाहेर उभे राहावे लागत होते, याचे पूर्ण चित्र स्पष्ट होईल.